कोंबडीतला जीवाणू काय शिकून येतो?

मी बेंगळुरूहून बोलते आहे. इथल्या एका प्रयोगशाळेत जीवाणूंची जनुकं वाचणं हे माझं रोजचं काम आहे. आज त्याच कामाबद्दल सांगणार आहे, पण सुरुवात प्रयोगशाळेतून न करता आमच्या घरातून करते.

माझी मावशी काही दिवस माझ्याकडे राहायला आली होती. वय 68, मधुमेह जुना. एका रात्री तिला थंडी वाजून ताप भरला, लघवीला जळजळ होऊ लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. तीन दिवस झाले तरी उतार नाही. मग लघवीचा कल्चर रिपोर्ट काढला. त्यात जीवाणूचं नाव होतं ई. कोलाय, आणि खाली औषधांची यादी. प्रत्येक औषधापुढे एक अक्षर असतं. ‘एस’ म्हणजे औषध लागू पडेल, ‘आर’ म्हणजे जीवाणू त्या औषधाला दाद देणार नाही. मावशीच्या रिपोर्टात ‘आर’ची रांगच लागली होती. शेवटी तिला रुग्णालयात ठेवून शिरेतून कार्बापेनेम वर्गातलं औषध द्यावं लागलं. ती बरी झाली.

घरी आल्यावर तिनं मला विचारलं, “अगं, तुझ्याकडं आल्यापासून दर रविवारी चिकन होतंय. त्यानंच झालं का हे? फोनवर आलंय बघ, कोंबड्यांना इंजेक्शनं देऊन वाढवतात म्हणून. तू तर तेच काम करतेस ना?”

मी तेच काम करते. तरीही मला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात उत्तर देता आलं नाही. आजचं हे बोलणं म्हणजे मावशीला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे.

दोन वेगळे प्रश्न

कोंबडी आणि अँटिबायोटिक म्हटलं की आपल्याकडे दोन प्रश्नांची सरमिसळ होते. ते आधी वेगळे करू.

पहिला प्रश्न असा, की कोंबडीला दिलेलं औषध तिच्या मांसात शिल्लक राहतं का? याला औषधाचा अवशेष म्हणतात. औषध देणं थांबवल्यावर ते शरीरातून निघून जायला काही दिवस लागतात. तेवढे दिवस थांबल्याशिवाय पक्षी विकायचा नाही असा नियम असतो. तो पाळला नाही तर अवशेष ताटापर्यंत येतात. 2014 साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं दिल्ली परिसरातून कोंबडीचे 70 नमुने तपासले होते. त्यातल्या 40 टक्के नमुन्यांत अँटिबायोटिकचे अवशेष सापडले. ती बातमी खूप गाजली, आणि तेव्हापासून लोकांच्या मनात हाच प्रश्न पक्का बसला आहे.

दुसरा प्रश्न असा, की त्या कोंबडीच्या आतड्यात राहणारे जीवाणू औषधाच्या माऱ्यातून काय शिकले? समजा, औषध वेळेवर थांबवलं आणि मांसात त्याचा कणही उरला नाही. तरी ज्या जीवाणूंनी ते औषध पचवलं ते जिवंतच असतात. त्यांची पिल्लावळ वाढलेली असते. अवशेष काही दिवसांत संपतो, पण जीवाणूला मिळालेली क्षमता पिढ्यान् पिढ्या पुढे जाते. आणि ई. कोलायची पिढी अनुकूल परिस्थितीत 20 मिनिटांत बदलते.

मला जास्त काळजी वाटते ती या दुसऱ्या प्रश्नाची. त्याचं उत्तर मांस तपासून मिळत नाही. त्यासाठी जीवाणूच वाचावा लागतो.

औषध शेडमध्ये आलं कसं?

ही गोष्ट अमेरिकेत सुरू झाली आणि तिच्यात एक भारतीय नावही आहे. लेडर्ली नावाच्या कंपनीत संशोधन विभागाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. त्यांच्या कारकिर्दीत तिथे बेंजामिन डुग्गर या शास्त्रज्ञानं मातीतल्या सूक्ष्मजीवापासून ऑरिओमायसिन शोधलं. टेट्रासायक्लिन कुटुंबातलं हे पहिलं औषध 1948 मध्ये जगासमोर आलं. ते तयार करताना जो चोथा उरायचा, तो त्याच कंपनीतल्या थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड यांनी कोंबडीच्या पिल्लांना खाऊ घालून पाहिला. त्यांना त्यात बी-12 जीवनसत्त्व मिळेल अशी आशा होती. पिल्लं अपेक्षेपेक्षा जास्त वेगानं वाढली. नंतर कळलं की ही करामत चोथ्यात उरलेल्या औषधाची होती. 1950 नंतर थोडं थोडं अँटिबायोटिक खाद्यात मिसळायची पद्धत जगभर पसरली.

त्याचा परिणाम काय होतो हे 1976 मध्ये स्टुअर्ट लेव्ही या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवून दिलं. मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतावर त्यांनी काही कोंबड्यांना टेट्रासायक्लिन वर्गातलं औषध मिसळलेलं खाद्य दिलं, काहींना साधं खाद्य दिलं. आठवड्याभरात औषधवाल्या कोंबड्यांच्या आतड्यातले जवळजवळ सगळे ई. कोलाय त्या औषधाला दाद देईनासे झाले. मग दिलंच नव्हतं अशा इतर औषधांनाही ते दाद देईनात. आणि काही महिन्यांत शेतावर राहणाऱ्या माणसांच्या पोटातही असेच जीवाणू वाढले. शेजारच्या घरांतल्या लोकांमध्ये ते तितके वाढले नव्हते. शेतावरच्या या माणसांनी औषधाची एकही गोळी घेतली नव्हती, हे लक्षात ठेवा.

आता आपल्याकडे या. सांगली जिल्ह्यात माझ्या मामेभावाची पोल्ट्री आहे. करार पद्धतीची. पिल्लं, खाद्य आणि औषध कंपनीचं; शेड, वीज, पाणी आणि राबणं याचं. पक्षी चाळीसेक दिवसांत दोन किलोच्या वर गेला की गाडी येते आणि किलोवर मजुरी मिळते. त्याला मी एकदा विचारलं, “इतकं औषध लागतं कशाला रे?” तो म्हणाला, “ताई, मर लागली की रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. एक पक्षी मान टाकून बसला की दुसऱ्या दिवशी 50 बसतात. डॉक्टर येईस्तोवर पाण्याच्या टाकीत पुडी टाकतो आम्ही.”

हे ऐकून त्याला दोषी ठरवणं सोपं आहे, पण त्याची अडचण खरी आहे. पाच हजार पक्ष्यांतला आजारी पक्षी वेगळा काढून त्याला एकट्याला औषध पाजता येत नाही. औषध पाण्यातून जातं, म्हणजे आजारी आणि धडधाकट सगळ्यांच्याच पोटात जातं. धडधाकट पक्ष्याच्या पोटातल्या अब्जावधी जीवाणूंनाही ते भेटतं. त्यातले दुबळे मरतात, तरबेज उरतात.

भारतातली परिस्थिती दाखवणारा पंजाबमधला एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. 18 पोल्ट्री फार्म, 530 कोंबड्या. ईएसबीएल नावाच्या विकरांनी सेफॅलोस्पोरिनसारखी महत्त्वाची औषधं तोडणारे ई. कोलाय त्यात शोधले होते. ब्रॉयलर फार्मवर त्यांचं प्रमाण 87 टक्के होतं, अंड्यांच्या कोंबड्यांच्या फार्मवर 42 टक्के. मावशीच्या रिपोर्टात जी ‘आर’ची रांग होती, तशी रांग बहुतेक वेळा याच ईएसबीएलमुळे लागते.

दुकानापासून यंत्रापर्यंत

आता प्रयोगशाळेत जाऊ. बेंगळुरूत शिवाजीनगर नावाचा भाग आहे. नाव ऐकून पुणेकरांना आपलंच वाटेल. तिथल्या रसेल मार्केटच्या आसपास कोंबडीची बरीच दुकानं आहेत. समजा, अशा एखाद्या दुकानातून आपण नमुना आणला. तो बर्फाच्या डब्यात येतो. मांसाचा तुकडा पोषक द्रवात रात्रभर 37 अंश सेल्सिअसला ठेवतात, म्हणजे त्यातले जीवाणू वाढतात. मग तो द्रव वेगवेगळ्या थाळ्यांवर पसरतात. एका प्रकारच्या थाळीवर ई. कोलायचे गुलाबी ठिपके उठतात. दुसऱ्या प्रकारच्या थाळीवर साल्मोनेला आला तर मधोमध काळा डाग असलेले ठिपके दिसतात. साल्मोनेला म्हणजे अन्नातून विषबाधा करणाऱ्या जीवाणूंपैकी एक नामचीन गडी.

एक ठिपका म्हणजे एकाच जीवाणूचा वंश. तो उचलून वेगळा वाढवायचा आणि औषधाच्या चकत्या ठेवलेल्या थाळीवर पसरायचा. जिथे औषध लागू पडतं तिथे चकतीभोवती स्वच्छ गोल राहतो. जिथे पडत नाही तिथे जीवाणू चकतीला चिकटून वाढतो. मावशीचा रिपोर्ट अशाच चाचणीतून आला होता. ही चाचणी सांगते की औषध चालत नाही. ते का चालत नाही हे ती सांगत नाही.

‘का’चं उत्तर डीएनएत असतं. जीवाणू फोडून त्याचा डीएनए वेगळा करतात आणि सिक्वेन्सिंगच्या यंत्रात घालतात. डीएनएची भाषा चार अक्षरांची: ए, टी, जी, सी. माणसाच्या जीनोममध्ये अशी सुमारे 300 कोटी अक्षरं असतात, ई. कोलाय किंवा साल्मोनेलाच्या जीनोममध्ये 50 लाखांच्या आसपास. ई. कोलायचा संपूर्ण जीनोम पहिल्यांदा 1997 मध्ये वाचला गेला, तेव्हा त्याला अनेक वर्षं लागली होती. आज एका वेळी अनेक जीवाणूंचे जीनोम काही दिवसांत वाचून होतात.

पण यंत्र पोथी सलग वाचत नाही. नेहमीच्या पद्धतीत ते दीडशे-दीडशे अक्षरांचे लाखो तुकडे आपल्या हातात ठेवतं. कल्पना करा, एकाच पोथीच्या 50 प्रती कुणीतरी फाडून ढिगारा केला आहे, आणि कडा जुळवत जुळवत मूळ पोथी पुन्हा उभी करायची आहे. हे काम संगणक करतो. मग ती जुळवलेली पोथी एका यादीशी ताडून पाहतात. डेन्मार्कमध्ये तयार झालेलं रेसफाइंडर किंवा कॅनडात तयार झालेलं कार्ड, अशा संग्रहांत जगभर सापडलेली प्रतिरोधाची हजारो जनुकं नोंदलेली आहेत. आपल्या जीवाणूत त्यातली कुठली आहेत ते काही मिनिटांत समोर येतं.

वाचल्यावर काय दिसतं?

जीवाणूंकडे औषधापासून वाचायच्या मुख्यतः तीन युक्त्या असतात.

पहिली, औषध तोडणं. ईएसबीएल हे असंच तोडणारं विकर. त्याचं भारतात वारंवार सापडणारं जनुक म्हणजे सीटीएक्स-एम-15.

दुसरी, औषध बाहेर फेकणं. टेट-ए नावाचं जनुक जीवाणूच्या भिंतीत एक पंप बसवतं. विहिरीवरची मोटर पाणी उपसते तसा हा पंप आत आलेलं टेट्रासायक्लिन बाहेर उपसून टाकतो.

तिसरी, कुलूपच बदलणं. सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध जीवाणूच्या जायरेज नावाच्या प्रथिनाला जाऊन अडकतं. ई. कोलायच्या जायरेजमध्ये 83 व्या जागी एक अमिनो आम्ल असतं. त्याचा डीएनएमधला शब्द टी-सी-जी. मधल्या सीच्या जागी टी आला की शब्द होतो टी-टी-जी, त्या जागी वेगळंच अमिनो आम्ल बसतं आणि औषधाची पकड ढिली पडते. जवळपास 50 लाख अक्षरांत फक्त एक अक्षर! पुढे आणखी एक-दोन ठिकाणी असेच बदल झाले की सिप्रोफ्लॉक्सासिन निकामी होतं. कोंबड्यांना दिलं जाणारं एन्रोफ्लॉक्सासिन हे याच औषधाचं सख्खं भावंड. शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिनच होतो. अमेरिकेनं 2005 मध्ये कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सासिन वापरणं बंद केलं, ते याच कारणानं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही जनुकं पोथीत कुठे लिहिलेली आहेत? जायरेजमधला बदल जीवाणूच्या मुख्य गुणसूत्रावर असतो. तो त्याच्या वंशातच पुढे जातो. पण सीटीएक्स-एम-15सारखी जनुकं बरेचदा प्लाझ्मिडवर असतात. प्लाझ्मिड म्हणजे मुख्य गुणसूत्रापासून वेगळी असलेली डीएनएची छोटी गोल कडी. ती एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाते, आणि दुसरा त्याच जातीचा असायची गरज नसते. ई. कोलाय साल्मोनेलाला देऊ शकतो, किंवा न्यूमोनिया करणाऱ्या क्लेबसिएलाला देऊ शकतो.

आपल्याकडे घरातलं विरजण संपलं की शेजारून चमचाभर आणतात. देणारीचं दही कमी होत नाही आणि घेणारीच्या घरी उद्या भांडंभर दही तयार असतं. प्लाझ्मिडची देवाणघेवाण अशीच चालते. देणारा जीवाणू आपली एक प्रत ठेवून दुसरी देतो. आणि एका प्लाझ्मिडवर चार-पाच औषधांना चकवणारी जनुकं एकत्र असू शकतात. लेव्हींच्या कोंबड्यांना एकच औषध दिलं असताना इतर औषधंही निकामी का झाली, ते आता लक्षात येईल. एका औषधाच्या जोरावर अख्खी जुडी टिकून राहते.

इथे थांबून विचार करायला हवा

मग मावशीच्या प्रश्नाचं उत्तर सोपं झालं का? कोंबडीतला ई. कोलाय वाचायचा, मावशीचा वाचायचा, दोन्ही सारखे निघाले की गुन्हेगार सापडला. पूर्वी लोक असंच समजायचे. नेदरलँड्समध्ये जुन्या पद्धतींनी तपासलं तेव्हा रुग्णांतले आणि कोंबडीतले काही ई. कोलाय एकच वाटले होते. 2014 मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी त्यांचे संपूर्ण जीनोम वाचले. जे जीवाणू जुळे वाटत होते, त्यांच्यात हजारो अक्षरांचा फरक निघाला. म्हणजे हा जीवाणू कोंबडीतून थेट त्या माणसात गेलेला नव्हता.

पण गोष्ट इथे संपली नाही. त्यांनी प्लाझ्मिड वेगळी काढून पाहिली, तर वेगवेगळ्या जीवाणूंमधली प्लाझ्मिड मात्र अगदी मिळतीजुळती होती. घरं वेगळी आणि विरजण एकच. आपण चोर म्हणून जीवाणूचा पाठलाग करत होतो, आणि चोरीचा माल हातोहात फिरत होता.

म्हणूनच या कामात काही गोष्टी कबूल कराव्या लागतात. जनुक सापडलं म्हणजे ते प्रत्येक वेळी काम करतंच असं नाही. थाळीवरची चकतीची चाचणी तरीही करावी लागते. लहान तुकड्यांच्या वाचनातून प्लाझ्मिडची कडी पूर्ण जुळत नाही, त्यासाठी लांब तुकडे वाचणारं यंत्र लागतं. आणि दोन ठिकाणी एकच प्लाझ्मिड सापडलं तरी ते कोंबडीकडून माणसाकडे आलं की माणसाकडून सांडपाण्यावाटे कोंबडीकडे गेलं, हे नुसत्या साम्यावरून ठरत नाही. त्यासाठी एकाच परिसरातल्या, एकाच काळातल्या कोंबड्या, माणसं, पाणी आणि माती असं सगळं वाचावं लागतं.

बेंगळुरूत त्यासाठी लागणारी बरीच सामग्री आहे. केम्पेगौडा इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधली सेंट्रल रिसर्च लॅबोरेटरी ब्रिटन, कोलंबिया, नायजेरिया आणि फिलिपिन्समधल्या संस्थांबरोबर रुग्णांमधल्या प्रतिरोधी जीवाणूंचे जीनोम वाचत आली आहे. येलहंका इथली निवेदी ही भारतीय कृषी संशोधन परिषदेची संस्था प्राण्यांच्या रोगांचा आणि त्यांच्यातल्या प्रतिरोधाचा अभ्यास करते. हेब्बाळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कोविडच्या काळात याच शहरात सांडपाणी तपासून विषाणूचा माग काढला होता. माणसांचा हिशेब ठेवणारे, जनावरांचा ठेवणारे आणि पाण्याचा ठेवणारे एकाच शहरात आहेत. हे हिशेब एकाच वहीत जितके येतील तितकं मावशीच्या प्रश्नाचं उत्तर जवळ येईल.

बंद केलं तर फरक पडतो का?

हा प्रश्न मामेभावानंच विचारला होता. “एकदा जीवाणू शिकलाच, तर आता औषध बंद करून काय उपयोग?”

उपयोग होतो, आणि त्याचा पुरावा आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात पिल्लू अंड्यात असतानाच सेफ्टिओफर हे सेफॅलोस्पोरिन वर्गातलं औषध टोचायची पद्धत होती. तिथे कोंबडीत आणि आजारी माणसांत त्याला दाद न देणारा साल्मोनेला एकाच वेळी वाढत होता. 2005 मध्ये उबवणी केंद्रांनी आपणहून हे औषध थांबवलं. 2004 मध्ये कोंबडीतल्या साल्मोनेला हायडलबर्ग या प्रकारात प्रतिरोध 62 टक्के होता, तो 2006 मध्ये 7 टक्क्यांवर आला. माणसांत तो 36 वरून 8 टक्क्यांवर आला. 2007 मध्ये औषध अंशतः परत सुरू झालं, आणि प्रतिरोध पुन्हा वर सरकला.

दुसरं उदाहरण कोलिस्टिनचं. मूत्रपिंडाला त्रास होतो म्हणून डॉक्टरांनी बाजूला ठेवलेलं हे जुनं औषध. बाकी सगळी औषधं हरली तेव्हा अतिदक्षता विभागात त्याची पुन्हा आठवण झाली. पण तोवर ते जनावरांच्या खाद्यात टनावारी जात होतं. नोव्हेंबर 2015 मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की कोलिस्टिनला निकामी करणारं एमसीआर-1 हे जनुक प्लाझ्मिडवर बसलेलं सापडलं आहे. म्हणजे शेवटचं औषध निकामी करणारं विरजणही वाटलं जात होतं. चीननं 2017 मध्ये खाद्यातून कोलिस्टिन काढलं, आणि पुढच्या काही वर्षांत डुकरांत आणि माणसांतही हे जनुक कमी झाल्याचं दिसलं. भारत सरकारनं जुलै 2019 मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरता, कोंबड्या आणि मत्स्यपालनासह, कोलिस्टिनवर बंदी घातली.

हा प्रश्न किती मोठा आहे हेही सांगते. 2019 या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे जगात थेट 12 लाख 70 हजार माणसं गेली असा अंदाज आहे. त्यात कोंबडीचा वाटा किती, हे कुणी नेमकं सांगू शकत नाही. माणसांनी स्वतः नको तेव्हा घेतलेल्या गोळ्या आणि रुग्णालयांत पसरणारे जीवाणू यांचा वाटा फार मोठा आहे. पण कोंबडी हा असा दुवा आहे जिथे आपल्याला काही करता येतं.

स्वयंपाकघरात आणि शेडमध्ये

आपल्याकडे चिकनचा रस्सा चांगला रटरटून शिजतो. त्यात साल्मोनेला किंवा ई. कोलाय जिवंत राहत नाही. मग धोका कुठे असतो? तो शेजारच्या कोशिंबिरीत असतो. ज्या पाटावर कच्चं चिकन कापलं, त्याच पाटावर, त्याच सुरीनं कांदा आणि कोथिंबीर चिरली, की जीवाणू न शिजता पोटात जातो. म्हणून पाट आणि सुरी वेगळी ठेवा, नाहीतर मधे साबणानं नीट धुवा. कच्चं चिकन जोरदार नळाखाली धरू नका. शिंतोडे ओट्यावरच्या सगळ्या भांड्यांवर उडतात. हात धुवा. एवढं केलं तर चिकन सोडायची गरज नाही.

जे शाकाहारी आहेत त्यांनाही हा विषय लांबचा नाही. कोंबडी खत आमच्याकडे द्राक्षाला आणि उसाला जातं, भाजीलाही जातं. ते कच्चं टाकलं तर जीवाणू मातीत आणि पाण्यात पोचतात. नीट कुजवलं तर त्यातले बरेच मरतात.

आणि पोल्ट्रीवाल्यांसाठी? मामेभावानं गेल्या दोन वर्षांत काही बदल केले. शेडच्या दाराशी पाय बुडवायला जंतुनाशकाचं पाणी ठेवलं. एक लॉट गेल्यावर जुनं तूस काढून शेड काही दिवस रिकामी ठेवतो. लसीचं वेळापत्रक चुकवत नाही. मर लागली तर पुडी टाकायच्या आधी मेलेला पक्षी तपासणीला पाठवतो. “सगळ्या वेळी जमत नाही ताई,” तो म्हणतो, “पण पुड्या कमी झाल्यात.” माझ्या मते हे लहान काम नाही. आजार कमी झाला तर औषध कमी लागतं, आणि हे साधण्यासाठी त्याला आधार हवा: जवळ तपासणी केंद्र हवं, वेळेवर डॉक्टर हवा, आणि कमी औषधात वाढवलेल्या पक्ष्याला दोन पैसे जास्त देणारं गिऱ्हाईक हवं. ते गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही आणि मी.

मावशीला काय सांगितलं?

तिला मी शेवटी असं सांगितलं: “तुझ्या आजाराचा दोष त्या रविवारच्या रश्श्यावर टाकता येणार नाही. तुझा जीवाणू कुणी वाचलेला नाही, आणि वाचला असता तरी तो कुठून आला हे सांगायला आणखी पुष्कळ वाचावं लागलं असतं. पण त्याच्याकडे जी युक्ती होती ती त्यानं कुणाकडून तरी उसनी घेतली असणार. ती कोंबडीत तयार झाली असेल, रुग्णालयात असेल, किंवा घरोघरी अर्धवट घेतलेल्या गोळ्यांमुळे टिकली असेल.”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग आत जाऊन तिनं आपली पिशवी आणली आणि त्यातून एक पाकीट काढलं. मागच्या वेळच्या खोकल्यातल्या चार अँटिबायोटिक गोळ्या होत्या त्यात. पुढच्या वेळी लागतील म्हणून जपून ठेवलेल्या.

“मग हे पण त्यातलंच ना गं?” ती म्हणाली.

हो, हेही त्यातलंच. तुमच्याही घरात असं एखादं पाकीट असेल तर आज ते शोधा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यातली एकही गोळी घेऊ नका.

पुन्हा भेटू. तोपर्यंत तब्येतीला जपा.